रामटेक्यांच्या सभेतला विनोद

महू सोडून इंदूरला मुलाकडे राहायला आलेल्या भाऊरावांना बोलल्याशिवाय करमत नसे. त्यांच्या गोष्टींना मनापासून हसणारा इथे एकच दोस्त होता, रामटेके. तोही गेला. पुण्यानुमोदनाच्या सभेत सगळे दोन मिनिटं मौन पाळून उभे राहिले, तेव्हा भाऊरावांच्या तोंडून निघूनच गेलं, "जन्मभर हा गप्प बसला नाही, अन् याच्यासाठी आपण गप्प!"

कोणी हसलं नाही. रामटेक्यांच्या बायकोनं, कौसल्यावहिनींनी, तेवढी झटकन मान वर केली.

परतताना रिक्षात नात प्रीती चिडली. "क्या आजोबा! अशा वेळी थट्टा? इंग्रजीत याला फ्लिपंट म्हणतात. फसीशस. टोन-डेफ."

"एवढे शब्द? म्हणजे साहेबलोकांतही माझ्यासारखे पुष्कळ आहेत की!"

प्रीतीनं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

वहिनी दुखावल्या, हे काही भाऊरावांच्या मनातून जाईना. चार दिवसांनी ते माफी मागायला गेले.

"वहिनी, चुकलं माझं."

"नाही हो भाऊजी. तुम्ही बोललात आणि सवयीनं वाटलं, आता हे मोठ्यानं हसतील. म्हणून मी वर पाहिलं."

एरवी एकावर दहा गोष्टी सांगणारे भाऊराव. चहा संपेपर्यंत त्यांना एकही आठवली नाही.