कारणाच्या जागी सासूबाई

नात विचारते, आजी, तू कॉम्प्युटरवर काय काम करायचीस? मी सांगते, तोंडं बंद करायची.

जबलपुरात सदर भागात एका बेकरीच्या माळ्यावर आमचं ऑफिस होतं. नवजात बाळांना उबेत ठेवायची काचेची पेटी एक कारखानदार बनवत होता, आणि तिचं तापमान सांभाळणारा प्रोग्राम मी लिहिला होता. वय चाळीस, नवरा अर्धांगवायूने अंथरुणावर, घरात कमावती मी एकटी, आणि नोकरी अजून कच्ची. दवाखान्याने पेटी पास केली तर कायम, नाहीतर नमस्कार.

दवाखान्याची अट होती, की माझा प्रोग्राम दुसऱ्या एका प्रोग्रामकडून तपासून घ्यायचा. हा तपासनीस कोड न चालवता नुसता वाचतो आणि शंका येईल तिथे इशारा देतो. शेवटी एकही इशारा उरता कामा नये. एखादा खोटा वाटला तर त्या ओळीच्या डोक्यावर 'इथे गप्प बस' अशी खूण टाकता येते, पण शेजारी कारण लिहावं लागतं.

पहिल्याच तपासणीत तीनशेच्या वर इशारे निघाले. हातात चार दिवस. पहिल्या दिवशी मी इमानाने अकरा मिटवले, त्या दुरुस्त्यांनी नवे पाच जन्माला घातले. दुसऱ्या दिवशी जिन्यात बसून रडले. खालून पावाचा वास येत होता आणि रडता रडता मला भूक लागली, याची त्या वेळच्या मला भारी लाज वाटली. इशारे दाबायची मात्र वाटली नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या बाईसाहेब, म्हणजे मीच, एकेकाला गप्प करत सुटल्या.

सुरुवातीची कारणं बरी होती. 'तपासले, ठीक आहे.' मग शब्द संपले. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायला लागले, कारण आमच्या ऑफिसचे सर हिंदीवाले, मराठी कळायची नाही, लांब ओळ दिसली की खूश. 'बघायला वेळ नाही.' 'देवाची इच्छा.' 'सासूबाई आल्या होत्या.' जबलपुरात मराठी घरं काही कमी नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. घाबरलेल्या माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं.

सरांनी स्क्रीन पाहिली. "शून्य? वाह दीदी."

चौथ्या दिवशी दवाखान्याकडून एक बाई तपासायला आल्या. माझ्याहून लहान, सगळं बोलणं हिंदीत. सर चहा सांगायला खाली गेले. बाई माझ्या प्रोग्रामची छापलेली पानं वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सासूबाई गेल्या का, ताई?"

बाई इथल्याच खमरियाच्या, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या, घरी मराठीच.

"हे काय करून राहिल्या तुम्ही? यातला खरा इशारा कोणता?"

"माहीत नाही."

"काहून माहीत नाही?"

"वाचलेच नाहीत. नोकरी जाईल हो माझी."

"जाईल," त्या म्हणाल्या. "पण पेटीत बाळ राहील ना, ताई."

मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, 'हे मला समजलं नाही.' "एवढ्यात हे एकच खरं लिहिलं तुम्ही. उघडा."

उघडलं. तापमान मोजणारी तार सुटली, तर प्रोग्राम आधीचाच आकडा धरून बसत होता. आत पेटी तापत राहिली असती. तपासनीस हेच ओरडून सांगत होता आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

सर वर आले तेव्हा मीच सांगितलं, "पेटी नहीं जाएगी, सर." त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "कल से मत आइए."

नवऱ्याला सांगायची हिंमत झाली नाही. तीन दिवस डबा घेऊन निघायचे, कमानिया गेटपाशी दुकानं बघत उभी राहायचे, आणि ऑफिस सुटायच्या वेळी घरी. आता काय, या दोन शब्दांपलीकडे डोकं चालत नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "तुझे सर येऊन गेले. मी म्हटलं, ती तर ऑफिसात आहे. तेही अच्छा म्हणाले."

मी डबा हातात धरून उभी.

"चिठ्ठी ठेवलीय. बस आधी."

चिठ्ठीत होतं, उद्यापासून या. दवाखान्याच्या बाईंनी फॉर्मवर शेरा मारला होता, की ज्यांनी ही कारणं लिहिली त्यांनीच एकेक इशारा उघडून दाखवावा, मग पुन्हा तपासू. सरांचा नाइलाज होता.

सगळे उघडले. आणखी दोन खरे निघाले, पेटी पास झाली, मी कायम झाले. सासूबाईंच्या ओळीखाली मात्र काहीच चूक नव्हती, तो इशारा खोटाच होता. सासूबाईंना हे मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.