काठाला लागलेलं लाकूड

अकोटहून येणाऱ्या एस्टीचा कंडक्टर आजही आमच्या फाट्यावर "डेपो, डेपोवाले उतरा" असं ओरडतो. नवखा माणूस उतरतो आणि बसचं आगार शोधत फिरतो. तिथे बसचं आगार कधीच नव्हतं. होता तो लाकडाचा डेपो. सातपुड्यातलं सागवान खाली उतरायचं, आमच्या गावात त्याच्या थप्प्या लागायच्या, लिलाव व्हायचे आणि दोन आरा मशिनी दिवसभर कोकलत राहायच्या. मग धरण झालं. डेपो, मशिनी, लिलावाचा ओटा, आमचं जुनं घर, सगळं पाण्याखाली गेलं. गाव टेकाडावर सरकलं आणि ज्यांनी जन्मभर लाकडं उचलली त्यांची पोरं मासे धरायला लागली. पुण्याच्या नातेवाइकांना मी सांगते, आमचं गाव समुद्रकाठी आहे. ते हसतात. येऊन बघत मात्र नाहीत.

त्यांनी यावं एकदा, चैत्र-वैशाखात, भर दुपारी. वारा पडलेला असतो, कुत्रीसुद्धा घरात शिरलेली असतात, आणि पाण्याकडून ताज्या भुशाचा वास येतो. नुकतंच लाकूड चिरलंय असा, नाकाला झोंबणारा वास. आमच्या गावात करवत फिरून किती वर्षं झाली! मी अकोल्यात शाळेत विज्ञान शिकवते, पण या वासाबद्दल मला काही विचारू नका.

बाबा आरा मशिनीवर होते. त्यांच्या पिढीत एक रीत होती, ती दुसरीकडे कुठे मी ऐकली नाही. पोकळ निघालेला ओंडका लिलावात कुणी घेत नसे. असे ओंडके साहेब लोक कामगारांना देऊन टाकायचे. माणसाचं लग्न झालं, पोरंबाळं झाली, की तो त्यातून आपलं एक लाकूड निवडायचा आणि परसात ठेवायचा. स्वतःच्या सरणासाठी. त्याच्या कापल्या टोकावर कुऱ्हाडीने आपली खूण करायची. त्या लाकडावर कुणी बसायचं नाही, त्यावर धुणं वाळत घालायचं नाही. "जन्मभर दुसऱ्यासाठी लाकूड चिरलं, एक तं आपलं पायजे," असं बाबा म्हणायचे. त्यांची खूण म्हणजे दोन तिरप्या खाचा. लहानपणी मी त्या खाचांत बोट फिरवलं म्हणून आईचा मार खाल्लेला आहे.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा लोकांनी दारं नेली, खिडक्या नेल्या, कौलं नेली. ही लाकडं मात्र तिथेच राहिली. जड होती, आणि त्या धावपळीत मरणाची तयारी कुणाला आठवते?

काही वर्षांपूर्वी ती वर यायला लागली. पहिलं आलं ते शेजारच्या म्हाताऱ्याचं. सकाळी काठाला लागलेलं दिसलं, खुणेवरून त्याने ओळखलं, आणि तो पंधरवड्यात गेला. मग गावच्या जुन्या हमालाचं आलं. तोही गेला. झालं, गावाने ठरवून टाकलं की ज्याचं लाकूड काठाला लागलं त्याने तयारी करावी. मी खूप डोकं फोडलं. म्हटलं, अरे, पोकळ लाकूड आहे, गाळातून सुटलं की तरंगणारच. एक ऐंशीच्या पुढचा, दुसऱ्याला साखर आणि वर देशीचा नाद, हे दोघं लाकूड न येता तरी जगणार होते का? लोक मान डोलवायचे आणि सकाळी उठून आधी काठाकडे बघायचे. आमचं घर तर विहारात जाणारं. आमच्यात हे असलं मानत नाहीत. आई रोज वंदना म्हणते आणि देवऋषी दारात आला तर झाडू घेऊन उभी राहते.

म्हणून एका पावसाळ्यानंतर मी माहेरी गेले तेव्हा जे पाहिलं, त्यावर माझा विश्वासच बसेना. आमच्या घरापुढे दगडी पायऱ्या आहेत, खालच्या दोन पाण्यात असतात. संध्याकाळी आई तिथे गुडघाभर पाण्यात उभी होती, लुगडं खोचून, हातात मासेवाल्यांचा लांब बांबू. आणि त्या बांबूने ती एक काळा ओंडका पाण्यात लोटत होती. तोंडाने शिव्या देत होती. ढोराला हाकलतात तशा.

"काय करून राहिली आई?"

"दिसत नाई काय? जाय तू घरात."

ओंडका वळला तेव्हा त्याचं कापलेलं टोक माझ्याकडे झालं. त्यावर दोन तिरप्या खाचा होत्या. मी एक पायरी मागे सरले. मी विज्ञान शिकवते, तरी सरले.

आई रोज संध्याकाळी तो लोटायची. रोज सकाळी तो परत यायचा. रात्री वारा डोंगराकडून गावाकडे वाहतो, त्यामुळे यायचा. हे मी स्वतःला समजावून सांगितलं. पण एवढा मोठा काठ पडलेला असताना तो आमच्याच पायऱ्यांना का लागायचा, आणि खुणेचं टोक दरवेळी घराकडेच का असायचं, हे काही मला समजावता आलं नाही. पहाटे उजाडायच्या सुमाराला पायरीवर त्याचा आवाज व्हायचा. टक. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक. दार वाजवून कुणी वाट बघावी तसा. मी पांघरुणात पडून ऐकायचे आणि शेजारी आई जागी आहे हे मला तिच्या श्वासावरून कळायचं.

 बाबा ओट्यावर बसून लोकांची जाळी दुरुस्त करून देतात. पूर्वी पाण्याकडे तोंड करून बसायचे, आता बाज फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत होते. मला वाटलं, माणूस स्वतःच्या मरणाकडे पाठ करून बसलाय. वाईट वाटलं, आणि रागही आला. एवढा धडधाकट माणूस, अजून बत्तीस दात शाबूत, आणि लाकडाला घाबरतो!

निघायच्या दिवशी ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले.  बस लांबून दिसली तसे एकदम म्हणाले, "पोरी, तुया मायले अकोल्याले घेऊन जाय."

"काहून? तुम्हाला सोडून ती येते होय!"

"थे लाकूड मायं नाई. तिचं हाय."

मला कळेना. ते रस्त्याकडे बघत सांगत होते. कामगार आपलं लाकूड निवडायचा, तेव्हा बायकोसाठीही एक निवडून ठेवायचा. तिला सांगायचं नाही, अशी रीत. खूण आपलीच, फक्त बाजूला एक बारकी खाच जास्त. बायका परसातली दोन्ही लाकडं नवऱ्याचीच समजायच्या. बाबांचं स्वतःचं लाकूड अजून पाण्याखालीच होतं.

"थे पाह्यलं त्या दिवसापासून मले झोप नाई," बाबा म्हणाले. "तिले सांगू नको. तिले वाटते, माया जीव वाचवून राहिली. तिले पान्यापासून दूर ने, बास."

बस आली. बाबांचा हात माझ्या पिशवीला धरलेला तसाच राहिला होता, मला तो सोडवावा लागला. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहत होते.

डोळे तपासायचे आहेत असं खोटं सांगून मी आठवड्याभरात आईला अकोल्याला आणलं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आई बाल्कनीत उभी राहून खालच्या ऑटोंना नावं ठेवायची, भाजीवालीशी भाव करायची, आणि संध्याकाळ झाली की बेचैन व्हायची. तिचे हात नुसते हलत राहायचे. मी फोन लावून द्यायचे.

"आलं काय हो आज?" ती विचारायची.

"नाई आलं," बाबा सांगायचे. आणि मला वेगळं फोन करून सांगायचे, "खरंच येत नाई. तू तिले नेलं, त्या दिवसापासून आलंच नाई. आनू नको तिले. मी राह्यतो एकटा." भात करपल्याचं मात्र दोनदा सांगितलं.

खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटण्याऐवजी भीतीच वाटली. आईचं लुगडं मी धुवायला घेतलं की त्याला ओल्या भुशाचा वास यायचा. कितीही साबण लावला तरी यायचा. मी ते कुणाला बोलले नाही.

मग आमच्या इमारतीतल्या एक आजी वारल्या. आई सगळ्यांबरोबर मोक्षधामात गेली. तिथे आता गॅसची शवदाहिनी आहे. आई परत आली, आंघोळ केली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"बटन दाबलं का खेळ खतम," ती म्हणाली. "मले गावी सोडून दे."

"अजून डोळे..."

"डोये गेले खड्ड्यात. मायं लाकूड तिथं हाय."

मी दचकले. म्हटलं, "तुझं कसं? ते तर बाबांचं."

"गप वो. इतके वर्सं संसार केला, त्याईची खून मी वयखत नाई काय? बाजूची बारकी खाच मायी. थे परसात आलं त्याच सालात मले मालूम झालं होतं."

"मग लोटत काहून होतीस?"

"त्याईले दिसू नाई म्हनून! लय घाबरट मानूस हाय तुया बाप. त्यानं पाह्यलं असतं तं जेवन सोडलं असतं." मग म्हणाली, "मले मरनाचं भेव नाई. पन थे माया नावानं काढून ठेवलेलं लाकूड हाय. कोनी देलं नाई मले जन्मात काही, मांगितल्याशिवाय. तेवढंच देलं."

मला रडू आलं. तिने मला रडू दिलं, आणि पिशवी भरायला घेतली.

मी बाबांना फोन करून सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "बरं. आन."

आम्ही पोचलो तेव्हा लाकूड पाण्यात नव्हतं. बाबांनी दोन मासेवाल्यांना हाताशी धरून ते वर ओढून घेतलं होतं आणि ओट्याशेजारी दोन दगडांवर ठेवलं होतं, पूर्वी परसात असायचं तसं. ते कधी आलं, कसं आलं, मी विचारलं नाही. आईने त्याच्याभोवती एक चक्कर मारली, पदराने खुणेवरचा गाळ पुसला. बाबा आपल्या कामातलं बोलावं तसं म्हणाले, "ओलं हाय अजून. सागवान पानी पेलं का वाळाले लय दिवस घेते. हे वाळल्याशिवाय तुले कुठी जाता येत नाई."

"मी कुठी घाई करून राहिली?" आई म्हणाली आणि भात टाकायला आत गेली.

त्यानंतर मी गेले ती थेट उन्हाळ्याच्या सुटीत. पारा पंचेचाळीसच्या वर, पाणी पार खाली गेलेलं, काठाला भेगा पडलेल्या. ओट्यावर पाय ठेवला की चटका बसत होता. आणि ते लाकूड ओलं होतं. काळंभोर, चकचकीत, खाचांमध्ये हिरवं शेवाळ धरलेलं. हात लावला तर गार लागलं. आई म्हणाली, "पाह्य ना वो, वाळतच नाई हे. बाकी सारं गाव वाळून खडखडीत झालं." ती हे मजेने सांगत होती.  त्या उन्हात, त्या लाकडाशेजारी उभं राहून मला मात्र थंडी वाजली, आणि मी घरात जाऊन दार लावून घेतलं.

दुपारी आई झोपली. तो भुशाचा वास सुटला होता. बाहेर कसलासा आवाज आला म्हणून मी खिडकीतून पाहिलं. बाबा टेकाड चढून येत होते, पाण्यापासून इथपर्यंत, अनवाणी, हातात बादली. धाप लागलेली होती. लाकडाशी येऊन ते थांबले, घराकडे एकदा पाहिलं, आणि बादली सावकाश, आवाज होऊ न देता, त्याच्या पोकळीत ओतली. उरलेलं पाणी ओंजळीने खुणेच्या टोकावर मारलं. मग पुन्हा खाली जायला वळले.

मी दार उघडून बाहेर गेले. त्यांच्या हातातून बादली घेतली.  मी चप्पल न घालताच पाण्याकडे चालायला लागले.