गुडगावातला ओकापी

बाबांनी सरकारी नोकरी सोडून परदेशी कंपनीत जायचं ठरवलं तेव्हा आमच्या पुण्याच्या नातेवाइकांनी जवळजवळ सुतक पाळलं. माझी तक्रार वेगळी होती. नोकरी गेली म्हणजे दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर गेलं, आणि क्वार्टरबरोबर खालच्या मैदानातली माझी अख्खी टोळी गेली. आम्ही गुडगावला एका नव्याकोऱ्या आठ मजली इमारतीत राहायला आलो. निम्मे फ्लॅट रिकामे, लिफ्ट जनरेटरच्या मर्जीवर, आणि कंपाउंडच्या अर्धवट बांधलेल्या भिंतीपलीकडे सरळ मोहरीची शेतं. मी दहा वर्षांची होते आणि घरात कोणाशीही धड बोलत नव्हते.

यावर बाबांनी काढलेला उपाय म्हणजे मुलांसाठीचं प्राण्यांचं पाक्षिक. परदेशात छापलेलं, गुळगुळीत कागदाचं. प्रत्येक अंकात भोकं पाडलेली प्राण्यांची कार्डं असायची, आणि ती लावून ठेवायला पहिल्या अंकाबरोबर एक जाडजूड फाइल फुकट मिळाली होती. ही सरळसरळ लाच आहे हे मला कळत होतं. पण लाच चांगली होती, मी घेतली.

काही महिन्यांतच मी घरच्यांना नकोसं करून सोडलं. आई भेंडी चिरत असायची आणि मी तिला सांगायचे की प्लॅटिपस सस्तन असूनही अंडी घालतो. "अच्छा? घालू दे," आई म्हणायची, "तू जरा कोथिंबीर निवड." कोआलाची झोप, चित्त्याचा वेग, टॅपिरचं नाक, काय हवं ते विचारा.

विचारत मात्र कोणी नव्हतं. खाली पार्किंगमध्ये सहा मुलं रोज क्रिकेट खेळायची. बॅट तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची, त्यामुळे कायदाही त्याचाच. मी पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पहले से छह हैं." पुढे सहाचे आठ झाले, तरी मी आपली कडेच्या बुटक्या पाण्याच्या टाकीवर फाइल मांडीवर घेऊन बसलेली. मला त्यांच्यात जायचंच होतं. मी मनाशी ठरवलं होतं की आपलं ज्ञान पाहून हे आपल्याला घेतील. म्हणून त्यांचा चेंडू शेतात गेला आणि ते शोधत फिरू लागले की मी टाकीवरून त्यांना जिराफाच्या जिभेची लांबी ऐकवायचे. आज वाटतं, मीसुद्धा मला घेतलं नसतं.

मग हिवाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी, धुकं जरा विरळ होत असताना, भिंतीच्या मोकळ्या भागातून एक भलंमोठं जनावर आत आलं आणि स्कूटरींच्या रांगेशेजारी उभं राहिलं. खेळ थांबला. घोडा म्हणावं तर शिंगं होती, गाय म्हणावं तर पाठ मागे उतरती आणि रंग निळसर राखाडी. बॅटवाल्याने पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"ओए, तू बता. क्या है ये?"

माझ्या डोक्यात फाइलची पानं भराभर उलटू लागली. नेमकं असं जनावर एकाही कार्डावर नव्हतं. त्यातल्या त्यात उतरती पाठ आणि पायांवरचे पांढरे पट्टे एकाशी जुळत होते. "पता नहीं" म्हणायचा पर्याय होता, पण तो माझ्या तत्त्वात बसत नव्हता.

"ओकापी," मी म्हणाले. "जिराफ का कज़िन है. बहुत रेअर. सिर्फ अफ्रीका में होता है."

सगळे जनावराकडे नव्याने बघू लागले. मी खुशीत होते. "तो यहाँ कैसे आया?" सगळ्यात लहान मुलाने विचारलं.

"आया होगा," मी म्हणाले.

एवढ्यात वॉचमन काठी आपटत आला. तो शेजारच्याच गावचा. "हट! हट!" त्याने जनावराला दटावलं, आणि माझ्याकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाला, "बेटी, नीलगाय सै यो. म्हारी आधी सरसों यो ही खा गया." माझा ओकापी आला तसाच शांतपणे भिंतीबाहेर गेला. मुलं हसता हसता जमिनीवर बसली. बॅटवाल्याला तर ठसकाच लागला.

मी लिफ्टची वाट न पाहता चार मजले चढून आले, फाइल पलंगाखाली ढकलली आणि भरपूर रडले. आता जन्मात खाली जाणार नाही, असं जाहीर करून टाकलं. संध्याकाळी सगळी हकीकत ऐकून बाबांनी ती फाइल ओढून काढली आणि एकेक कार्ड पाहिलं.

"अरे, यात नीलगाय नाहीच आहे," ते म्हणाले.

"मग आणलंत कशाला हे? आणि मला इथे तरी कशाला आणलंत?"

बाबांनी फाइल मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मला तरी कुठे माहीत होतं गं, इथे काय काय आहे ते. ऑफिसात मीही रोज काहीतरी ठोकून देतो." हे ऐकून मला त्यांची दया आली आणि माझा राग थोडा उतरला. पण खाली न जाण्याचा निश्चय कायम होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालून ओरडा ऐकू आला. "ओकापी! ओए ओकापी!" माझे कान तापले. मी खिडकी लावून घेतली. तरी हाका थांबेनात. पडद्याआडून पाहिलं तर बॅटवाला तोंड वर करून, दोन्ही हातांचा कर्णा करून उभा होता.

"नीचे आ ना यार! एक कम पड़ रहा है!"

आई पोळ्या सोडून बाहेर आली. "कोणाला हाका मारतायत गं ही मुलं?"

"मला," मी म्हणाले, आणि बुटांच्या नाड्या न बांधताच जिन्याकडे पळाले.