बिस्किटांना मोगऱ्याचा वास

पूर्ण गाडी म्हणजे काय, हे मी ग्राहकाला फार छान समजावतो. गाडी फक्त तुमची, माल फक्त तुमचा. पुण्यात ताडपत्री बांधली की ती थेट नागपुरातच सुटणार, मध्ये कुणाचा हात लागणार नाही. हे सांगताना माझा आवाज प्रवचनाला बसल्यासारखा लागतो. तो आवाज आता मलाच ऐकवत नाही.

मी ट्रान्सपोर्टचा दलाल. माल एकाचा, ट्रक दुसऱ्याचा, चालवणारा तिसरा. माझा फक्त फोन, आणि खुर्चीमागे पाटी: ‘विश्वास हीच आमची ओळख’. अशी पाटी जिथे लावावी लागते तिथे काय चालतं, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.

पुण्याजवळ मांजरी गावातल्या एका गोदामातून बिस्किटं नागपूरला जायची होती. मे महिना. माल भरून झाला आणि मागे चार फूट जागा उरली. ती जागाही ग्राहकाचीच होती. पूर्ण गाडी त्याने घेतली होती. पण रिकामी जागा दिसली की आमच्या लोकांना खाज सुटते. एका अगरबत्तीवाल्याचे बारा बॉक्स नागपूरलाच जायचे होते. मी गाडी त्याच्या दारात वळवली. बिल्टीवर बिस्किटं तेवढी लिहिलेली. अगरबत्तीसाठी वहीचं पान फाडून मी कच्ची चिठ्ठी लिहिली आणि ड्रायव्हरच्या हातात दिली.

ड्रायव्हर पन्नाशीचा, त्या एकाच ट्रकवर अकरा वर्षं. टायरच्या आवाजावरून हवा ओळखणारा माणूस.

‘साहेब, फुल गाडी हाय ना ही? आन् खायाचा माल हाय.’

‘तू गाडी चालव. धंदा मला कळतो.’

माझ्यापेक्षा वयाने मोठ्या माणसाला मी हे म्हणालो.

दोन दिवस उन्हात, ताडपत्रीखाली, मोगरा बिस्किटांत मुरत गेला. ड्रायव्हरने बारा बॉक्स आधी उतरवले, मग बिस्किटं पोचवली. पण वास काही उतरला नाही. नागपूरच्या व्यापाऱ्याने एक पुडा फोडला आणि मांजरीला फोन लावला. ‘बिस्किटं पाठवलीत की प्रसाद? चहात बुडवलं तर आरतीला उभं राहावंसं वाटतंय!’ सगळा माल त्याच गाडीने परत.

मग माझ्या ऑफिसात बैठक झाली. मांजरीचे ग्राहक, ट्रकचे मालक, दारापाशी उभा ड्रायव्हर, आणि पाटीखाली मी.

‘अगरबत्ती चढवली कुणी?’ ग्राहकाने विचारलं.

‘यांनी,’ ड्रायव्हर माझ्याकडे बघून म्हणाला.

मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. मी म्हणालो, ‘अहो, हे लोक वाटेत काय काय भरतात, आम्हाला इथे बसून काय कळणार?’

ग्राहकाने मान डोलावली, कारण त्याला हेच ऐकायची सवय होती. मालकाने ड्रायव्हरकडून किल्ली मागून घेतली. ड्रायव्हरने ती माझ्या टेबलावर ठेवली, मालकाच्या हातात दिली नाही. एवढंच. वर्षभर मी त्या टेबलावर जेवलो.

वर्षानंतर मालकाला सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो चिडेल. तो हसला. ‘अहो, मला तेव्हाच कळलं होतं. बारा बॉक्स मोगरा तो काय देवळातून उचलून आणणार? पण माझ्या गाड्यांना माल तुम्ही देता. तो काय देणार?’ मी तिथून उठलो तेव्हा मला त्याचा तिरस्कार वाटला. त्याने जे केलं ते माझ्यासाठीच केलं होतं, हे जिना उतरल्यावर लक्षात आलं.

ड्रायव्हर मंडईत सापडला. दुसऱ्याच्या टेम्पोतून कोबीची पोती उतरवत होता. मी माफी मागितली. त्याने पोतं खाली ठेवलं.

‘मला काय सांगता? मला ठावं हाय. मांजरीच्या शेटला सांगितलंत का?’

‘नाही.’

‘मग त्यांला सांगा. त्यांच्या गोदामात सगळे मला चोर म्हणत्यात. तिथं माझा मेव्हणा हमाली करतो.’

त्याने पाकिटातून घडी केलेला कागद काढला. माझी चिठ्ठी. ‘गाडीतल्या देवाच्या फोटोमागं ऱ्हायली हुती, मागनं सामान काढताना घावली. मालकाला दावली, तर म्हणले घडी घालून ठेव. घ्या. तुमचंच अक्षर हाय.’

त्याच दुपारी मी मांजरीला गेलो. ग्राहकासमोर बसून सांगितलं: ते बॉक्स मी चढवले, ड्रायव्हर तर नको म्हणत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कौतुकाने माझ्याकडे बघितलं.

‘तुम्ही फार साधे आहात हो. अजून त्या माणसाची चूक अंगावर घेताय? म्हणून तर माल तुमच्याकडेच देतो.’

चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती. हात खिशापर्यंत गेलाही. बाहेर हमाल ट्रक भरत होते. त्यांतला मेव्हणा कोणता, मला माहीत नव्हतं.

‘चहा घेणार ना?’ त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. चहा घेऊन, पुढच्या पूर्ण गाडीची तारीख ठरवून उठलो. चिठ्ठी अजून माझ्याकडेच आहे.