दुखतं म्हणायला शिकलेलं घर

"सोनलला सिकलसेल आहे," डॉक्टर म्हणाले, आणि मी सासूबाईंकडे बघितलं. त्या खाली मान घालून बसल्या होत्या. हा शब्द त्यांना नवा नव्हता.

सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडं असह्य दुखतात. त्या दुखण्याला डॉक्टर 'क्रायसिस' म्हणतात. आमची दहा वर्षांची सोनल धानाच्या रोवणीच्या वेळी हौसेने बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, गार पाण्यात उतरली, आणि संध्याकाळी तिला पाय टेकवेना. आमच्या एकोडी गावाहून तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणलं.

याआधीही तिचे पाय दुखायचे, पण घरात या दुखण्याला 'वात' म्हणायचे. माझे मोठे दीर लहानपणी याच 'वाताने' गेले, हे मला वॉर्डाबाहेरच्या बाकावर कळलं.

"सांगतलं असतं त पोरीचं लगन जमन का?" सासूबाई म्हणाल्या. त्यांची धाकटी, माझी नणंद प्रणाली, लग्नाची आहे. माझं डोकं फिरलं. मी त्यांना नाही नाही ते बोलले.

मग आम्हा नवराबायकोची इलेक्ट्रोफोरेसिस झाली. रक्तातलं हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं आहे ते या तपासणीत दिसतं. दोघंही वाहक निघालो. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, पण आईबाप दोघंही वाहक असले तर मुलाला आजार होऊ शकतो. मी माझ्या आईला फोन लावला. ती हळूच म्हणाली, "तुह्या मावशीलेही होतं बाई." माझा सगळा तोरा उतरला.

खरा घोर पुढेच होता. सोनल दुखतं म्हणून सांगेचना. डॉक्टर विचारायचे, आणि ओठ पांढरे पडलेले असतानाही ती "नाई" म्हणायची. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. "तिने वेळेवर सांगितलं नाही, तर जिवावर बेतेल," ते म्हणाले. पोटच्या पोरीला बोलतं कसं करायचं, तेच मला कळत नव्हतं.

शेजारच्या खाटेवरच्या छोटीला सोनल मनाने रचून गोष्टी सांगायची. एका दुपारी मी कान दिला. गोष्टीतल्या मुलीच्या पायात काटा रुततो, पण ती कोणालाच दाखवत नाही, कारण घरी पाहुणे येणार असतात.

"मंग?" छोटीने विचारलं.

"मंग काही नाई. तिले सवय झाली."

मला रडू कोसळलं. गप्प राहा, असं आम्ही तिला कधी म्हटलं नव्हतं. पण ती लंगडायला लागली की आम्ही दार लोटून घ्यायचो, आवाज खाली आणायचो. तिने ते बरोबर उचललं होतं.

मी तिच्याजवळ बसले. तिचा काका, माझी मावशी, सगळं सांगितलं. "आमचं चुकलं, आम्ही लपवलं," म्हटलं. मग ती म्हणाली, "आई, मले कमरेत लय दुखून राहिलं."

मी सिस्टरला हाक मारत धावले. पोरीच्या दुखण्याचा असा आनंद कोणत्या आईला झाला असेल!

आता रोजच्या गोळ्या आहेत, भरपूर पाणी पिणं आहे, गार पाण्यात जाणं बंद आहे. ती शाळेत जाते, भांडतेही. प्रणालीचंही रक्त तपासून घेतलं. तुमच्या घरी असा 'वात' असेल तर रक्त तपासून घ्या, आणि पोरांसमोर आजाराचं नाव घ्या.

परवा प्रणालीला बघायला शहापूरचे पाहुणे आले. पोहे फिरत होते. मुलाच्या आईने सोनलला विचारलं, "आज शाळेत नाई गेली का वं?"

"पाय दुखून राहिले. मले सिकलसेल आहे," सोनल म्हणाली. "आत्याले आजार नाई, पण ते वाहक आहे. तुमच्या घरी तपासलं का?"

पोहे खाणारे हात थांबले. प्रणाली पदराशी चाळा करत बसली होती.

"नाई तपासलं," मुलाची आई म्हणाली. मग मुलाकडे वळली, "उद्या तपासून ये."

सासूबाई सतरंजीवर पुढे सरकल्या. "माह्या मोठ्या पोरालेही हाच आजार होता," त्या म्हणाल्या, "आता सगळं ऐकूनच जा."