वायरलेसमधली टकटक

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही फळीवरच्या त्या दोन काळ्या सेटबद्दल विचारलंत, आणि आजोबा म्हणाले, "खेळणे हायेत जुने." ती खेळणी नव्हेत. नाल्यापलीकडे आता मोबाइलचा टॉवर झालाय; कुणी ते भंगारात टाकायच्या आधी लिहून ठेवते.

आपलं वावर खोलगट जागी आहे. तिथे मोबाइल लागत नसे. आजोबांची रक्तातली साखर अचानक उतरायची. एकदा तुरीत बेशुद्ध सापडले. मग तुमच्या बाबांनी हे सेट आणले. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. नियम मी घातला: वावरातून दर तासाला "ठीक" म्हणायचं.

हिवाळ्यात सेटमध्ये टकटक सुरू झाली. दर सेकंदाला एक टक्, आणि त्यात त्यांचा आवाज तुटायचा. एका सकाळी आठचं "ठीक" आलंच नाही. साखरेची पुडी मुठीत धरून मी धावत गेले. ते बांधावर बसून सेटमध्ये ओरडत होते.

"अवो, ठीक हाय म्हणून राह्यलो ना मी! कवाचा!"

साखरेची पुडी मात्र मी दुपारपर्यंत कमरेलाच खोचून ठेवली. पुढच्या वेळी खरंच काही झालं आणि मला नुसती टकटकच ऐकू आली तर?

मी वहीत नोंद ठेवू लागले. टकटक कधी सुरू झाली, कधी थांबली, पंप चालू होता की बंद. आठ दिवसांत दिसलं की पंपाचा संबंध नाही. दव पडलं की टकटक वाढते, ऊन तापलं की थांबते. म्हणजे काहीतरी ओलं होत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जुना ट्रान्झिस्टर घेतला, टकटक त्यातही ऐकू येईल म्हणून स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला आणि बांधाबांधाने चालू लागले. शेजारीण कापूस वेचत होती.

"काऊन वो आजी, वावरात गाणे आयकून राह्यल्या का?"

"टकटक ऐकते आहे."

"मंग आमच्या घरी या, बुढ्याचा खोकला आयका!"

मला हसू आलं नाही. कुंपणाच्या कोपऱ्याशी टकटक इतकी वाढली की मी ट्रान्झिस्टर कानापासून दूर धरला.

रानडुकरं, रोही म्हणजे नीलगायी यांच्यासाठी आपल्या कुंपणाच्या तारेत झटका मशीनचा करंट असतो, दर सेकंदाला एक झटका, आणि शिवाय इकडे सगळेच जुन्या साड्या बांधतात. त्या कोपऱ्यात माझा शालू होता. चमकलं की रोही बिचकतो, म्हणून मीच दसऱ्यानंतर तो फाडून बांधला होता. जरीचा ओला काठ तारेवरून लोखंडी खांबाला टेकला होता, आणि प्रत्येक झटक्याला तिथे ठिणगी उडत होती. आजोबांचा आवाज मीच अडवला होता.

मशीन बंद करून मी काठ सोडवला. आजोबा बघत होते.

"चाळीस वर्षं मले बोलू देल्लं नाही," ते म्हणाले, "आता शालूले बी शिकवलं!"

घरी येऊन सेटपाशी बसले. नऊ वाजता "ठीक" आलं, स्वच्छ. मी बटण दाबलं आणि पुन्हा म्हणायला लावलं.

आजोबा मोबाइल घरीच विसरतात, त्यामुळे सेट अजून रोज चार्ज होतात. काठाचा तुकडा माझ्या पेटीत आहे, एका टोकाला जळलेला. आणि दर तासाला "ठीक" येतं.