माझ्या मशीनवर नवरा

माझं माहेर हुपरीचं. घरात चांदीचे पैंजण घासून चकचकीत करायचं काम, त्यामुळं धातूवरची रेघ मला डोळ्याआधी बोटाला कळते. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा नवरा एका छोट्या वर्कशॉपात लेथवर होता. दुधाच्या प्लांटला लागणारे स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह तिथं बनतात. पॉलिशचा माणूस सोडून गेला आणि नवऱ्याच्या शब्दाखातर मालकांनी मला घेतलं.

स्टील चांदीसारखं ऐकत नाही. लेथच्या रेघा आधी जाड पॉलिश पेपरनं काढायच्या, मग बारीक, मग त्याहून बारीक. दर वेळी दिशा बदलायची, म्हणजे मागच्या पेपरची रेघ राहिली तर दिसते. शेवटी फिरत्या कापडी चाकावर धरायचं. जास्त दाबलं की स्टील तापून निळं पडतं. त्यात आपला चेहरा स्वच्छ दिसेपर्यंत सोडायचं नाही. हे हाताला बसायला मला वर्ष गेलं.

मग एक मोठी कंपनी माल बघायला येणार होती. सकाळी मालक म्हणाले, "वहिनी, आज तुमी पॅकिंगला बसा. पावणं येणार हायत. बाईमाणूस पॉलिशवर दिसलं की शंका घेत्यात."

"मग मशीनवर कोण?"

"तुमचं कारभारी हायत की."

मला वाटलं, नवरा नाही म्हणेल. त्यानं माझा एप्रन मागितला.

खोकी चिकटवत मी बघत होते. मी आदल्या दिवशी पुरा केलेला व्हॉल्व्ह पाहुण्यांनी उजेडाकडं धरला. एकानं विचारलं, "कुठं शिकलात हे?"

"सवयीनं जमतंय, साहेब," नवरा म्हणाला. माझ्याकडं त्यानं एकदाही बघितलं नाही.

घरी जाताना गाडीवर मी म्हणाले, "माझं नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?"

"तू आणि मी काय वेगळं हाय व्हय?"

ऑर्डर मिळाली. पॉलिशचं खातं त्याच्याकडं गेलं आणि रविवारी घरात बसून ते काम मीच त्याला शिकवलं. आता त्याच्या हाताखाली मी आणि आणखी दोघी आहोत. पाहुणे आले की तिघी पॅकिंगला. परवा त्यानं माझा पीस हातात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "कडंला रेघ हाय. परत घे."

रेघ खरंच होती. मी परत घेतला.

अजून काही अडलं की तो जेवताना मला विचारतो. मी सांगत नाही. भाकरी वाढते आणि उठते.